राखून ठेवलेला इलाज

काखेत किंवा जांघेत गाठ आली की धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत आधी अवधाणाची चर्चा होते. पायात काटा मोडला असेल, हाताला नखुरडे झाले असेल, त्याचेच अवधाण आहे, आपोआप जिरेल, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरे ठरते. गाठ मानेत असली तर क्षयाची शंका येते, तीही रास्तच. पण एखादी गाठ ना दुखते, ना जिरते. महिनोन्महिने ती तशीच राहते. मग बार्शीला किंवा सोलापूरला तिचा तुकडा तपासायला जातो आणि अहवालात फॉलिक्युलर लिम्फोमा हे नाव येते. कर्करोग म्हटल्यावर घर हादरते. त्यावर डॉक्टर सांगतात की आत्ता औषध काहीच नाही, तीन महिन्यांनी दाखवायला या. जिथे दुखणे अंगावर काढण्याने कितीतरी माणसे गेली आहेत, तिथे हा सल्ला घरच्यांच्या गळी उतरणे अवघड असते. पैशाअभावी नाही म्हणत असतील, की आशाच सोडली असेल, अशा शंका मनात येतात. म्हणून हा सल्ला आला कुठून आणि त्यामागे कोणाकोणाच्या नोंदी उभ्या आहेत, याचा माग आपण काढू.

सुरुवात आपल्याच वैद्यकापासून करता येते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांना वाहिलेला आहे. अर्बुदाचे वर्णन करताना सुश्रुताने त्याचा गोल आकार, स्थिरपणा, मंद वेदना आणि न पिकणे नोंदवले आहेच. शिवाय तो फार काळ घेत वाढतो, हेही सांगितले आहे. गाठीच्या वाढीचा वेग हे तिचे लक्षण मानून लिहून ठेवणे, ही मोठी नजर होती. अर्बुद म्हणजे आजचा लिम्फोमा असे मात्र आपण म्हणू नये. सूक्ष्मदर्शकाशिवाय तसे ठरवता येत नाही. चरकसंहितेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात रोगांची सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी वाटणी आहे. यातला याप्य हा वर्ग आपल्या कामाचा. मुळापासून जात नाही, पण पथ्य आणि उपचार यांच्या आधाराने माणसाला दीर्घकाळ जगू देतो, असा हा रोग. बरा होणे आणि हाताबाहेर जाणे यांच्यामध्ये एक लांब प्रदेश आहे आणि वैद्याने तिथेही रोग्याची सोबत करायची असते, ही समज त्या वर्गीकरणात आहे. पुढे शतकानुशतके ती मागे पडली.

आता आपण युरोपात जाऊ. बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगी याने १६६६ मध्ये पाणथरीतल्या, म्हणजे प्लीहेतल्या गाठींचे वर्णन केले होते. त्याचा धागा पुढे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये मृतदेहांची तपासणी करणाऱ्या टॉमस हॉजकिन याने पकडला. सुजलेल्या लसिका ग्रंथी आणि वाढलेली पाणथरी अशा सात रुग्णांचा त्याचा निबंध जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेत वाचला गेला आणि विसरलाही गेला. पुढे त्याच हॉस्पिटलच्या सॅम्युअल विल्क्स याने स्वतंत्रपणे तोच आजार अभ्यासला, हॉजकिनचे श्रेय ओळखले आणि १८६५ मध्ये आजाराला त्याचे नाव दिले. हॉजकिनने जपलेल्या ग्रंथींपैकी तिघांच्या ग्रंथी १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिल्या, तेव्हा दोघांचा आजार हॉजकिनचा निघाला, तिसऱ्याचा वेगळाच लिम्फोमा. म्हणजे पहिल्याच यादीत दोन जातींचे रोग एकत्र बसले होते. एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्वभावाची दुखणी नांदत होती आणि त्यांची फोड होईपर्यंत कोणासाठी थांबायचे आणि कोणासाठी धावायचे, हे ठरवणे शक्यच नव्हते.

ती फोड न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. ब्रिल, बेहर आणि रोझेन्थाल यांनी १९२५ मध्ये ग्रंथीतल्या फुगलेल्या वर्तुळाकार पुंजक्यांचा एक विकार वर्णिला आणि त्याला निरुपद्रवी वाढ मानले. १९२७ मध्ये डग्लस सिमर्स याने तशाच रुग्णांची नोंद केली आणि पुढे कित्येक वर्षे हा विकार ब्रिल-सिमर्स या जोडनावाने ओळखला गेला. निरुपद्रवी हा निष्कर्ष चुकीचा ठरला, कारण तो कर्करोगच होता, आजचा फॉलिक्युलर लिम्फोमा. पण रुग्ण वर्षानुवर्षे बरे राहतात, हे त्यांचे निरीक्षण पक्के होते. १९५६ मध्ये हेन्री रॅपापोर्ट याने गाठीची रचना आणि आजाराची चाल यांची सांगड घातली. १९८४ मध्ये फिलाडेल्फियात या पेशींमधले बीसीएल-२ हे जनुक सापडले. १९८८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले की ते पेशींना भरभर वाढवत नाही, तर मरू देत नाही. जुन्या पेशी वेळेवर न गेल्याने गाठ साचत जाते. चाळीत राहणारा जाईना आणि नवा येतच राहिला तर जशी गर्दी होते, तसेच. सिमर्सच्या काळापासून दिसत आलेला संथपणा इथे उलगडला.

या दरम्यान हत्यारे मात्र वाढत होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. १९०२ मध्येच शिकागोच्या विल्यम प्युसी याने त्यांच्या साहाय्याने लसिका ग्रंथींच्या गाठी वितळवून दाखवल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये येल विद्यापीठात, युद्धातल्या विषारी वायूंच्या अभ्यासातून निघालेले नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या एका रुग्णाला शिरेतून दिले गेले. गाठी झपाट्याने विरल्या, पण परत आल्या आणि तो रुग्ण त्याच वर्षाअखेर गेला. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच घराण्यातली क्लोराम्ब्युसिलची गोळी १९५० च्या दशकात आली. हाती औषध आहे आणि ते दिले की गाठ बोटांखाली विरघळताना कळते, अशा वेळी न देण्याचा विचार कोण करील? त्या काळात कर्करोगाशी लढणे म्हणजे लगेच आणि सर्व शक्तीनिशी लढणे.

वळण आले ते कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. हेन्री कॅप्लन यांनी तिथे किरणोपचाराचे सामर्थ्य सिद्ध केले होते आणि त्यांचे सहकारी सॉल रोझेनबर्ग औषधोपचाराच्या चाचण्या चालवत होते. जोरदार उपचारांच्या या माहेरघरातच उलट दिशेची शंका उभी राहिली. संथ लिम्फोमाच्या काही रुग्णांना वेगवेगळ्या कारणांनी लगेच उपचार दिले गेले नव्हते आणि ते ठीक होते. कॅरोल पोर्टलॉक आणि रोझेनबर्ग यांनी अशा ४४ जणांचा लेखाजोखा १९७९ मध्ये मांडला. १९८४ मध्ये सँड्रा हॉर्निंग आणि रोझेनबर्ग यांनी ८३ जणांची हकीकत दिली. त्यांतल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या गाठी काही काळ आपोआप ओसरल्या होत्या, उपचाराची गरज पडायला साधारण तीन वर्षे लागली होती आणि दहा वर्षांनी ७३ टक्के रुग्ण हयात असावेत, असा हिशेब निघाला. मात्र हे निवडक रुग्ण होते. ज्यांचा आजार मुळातच सौम्य तेच मागे राहिले असतील, हा आक्षेप खोडून काढणे बाकी होते.

ते काम ब्रिटनच्या चाचणीने केले. १९८१ ते १९९० या काळात लक्षणे नसलेल्या, पण आजार पसरलेल्या ३०९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला लगेच क्लोराम्ब्युसिल, दुसऱ्यावर फक्त लक्ष. निकाल २००३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला, तेव्हा त्यामागे सरासरी सोळा वर्षांचा पाठपुरावा होता. दोन्ही गटांच्या आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. लक्ष ठेवलेल्यांपैकी १९ टक्क्यांना दहा वर्षांनंतरही औषध लागले नव्हते. सत्तरी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. दुष्परिणाम सोसण्याची वेळ लांबणीवर पडली आणि आयुष्य कमी झाले नाही. थांबण्याला पुरावा मिळाला तो असा. एक गोष्ट इथे ठळक करायला हवी: थांबलेल्या प्रत्येक माणसाची तपासणी ठरल्या दिवशी होत होती आणि प्रत्येकाचे पान चालू होते. नोंद तुटली असती, तर हेच थांबणे अंगावर काढणे ठरले असते.

नोंदीचा हा धागा आपल्याला परत घरी आणतो. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६३ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी सुरू झाली. खेड्यांतला आकडा मात्र कोणाकडे नव्हता. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी केली. तिच्या कक्षेत सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले भूम व परंडा असे तीन तालुके होते. शहरात नोंदणीला दवाखान्यांचे कागद मिळतात. इथे रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बायाबापड्यांना एकत्र बसवून गाठ, अंगावरचे जाणे, न भरणारी जखम या खुणा सांगितल्या, संशय असलेल्यांना तपासणीला आणले आणि गावात कोण कशाने गेले हे विचारून लिहून घेतले. या बोलण्याचा परिणाम आकड्यांतही दिसला: पुढच्या वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. आधी नुसती मोजदाद करायला निघालेली नोंदणी स्वतःच उपचाराचा भाग झाली.

त्याच पायावर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणीविना राहिलेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणी-धोरणांत धाराशिवचे नाव या आकड्यांनी गेले. एका गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा नैतिक प्रश्नही पुढे कठोरपणे विचारला गेला आणि तो विचारला जायलाच हवा होता. आपल्या विषयासाठी त्यातला धडा स्पष्ट आहे. लक्ष ठेवणे तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा ते ज्याच्यावर ठेवले आहे त्याच्या भल्यासाठी, त्याला समजावून आणि गरज दिसताच हात पुढे करण्याच्या तयारीने ठेवलेले असते. २०१२ ते २०१६ या काळाच्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद-बीड नोंदणीतले कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वांत कमी होते: वयाचा हिशेब जुळवून लाखामागे ३९.५ पुरुष आणि ४९.४ स्त्रिया. हा आकडा दिलासा देतो. पण न दाखवलेली गाठ कोणत्याच आकड्यात येत नाही, याची आठवणही तो ठेवायला लावतो.

दरम्यान इलाज बदलले, आणि त्यांच्याबरोबर थांबण्याचा अर्थही. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली. कर्कपेशीवरची एक खूण धरून तिच्यावर जाणारे हे प्रतिपिंड. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची कमी किमतीची आवृत्ती आणली. मग जुना प्रश्न नव्याने आला: इतके सोसवणारे औषध असताना थांबायचे कशाला? २०१४ मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत ४६३ रुग्ण होते. तीन वर्षांनी नव्या उपचाराची गरज न पडलेले, लक्ष ठेवलेल्या गटात ४६ टक्के आणि औषध चालू ठेवलेल्या गटात ८८ टक्के होते. पण आयुर्मानात फरक दिसला नाही. म्हणून आजही दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि निवड डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून करायची असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयोगशाळांतून आलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला मान्यता मिळाली. उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या कर्करोगांसाठी तो आहे. १९७९ चा रुग्ण थांबला तेव्हा पुढे मोजकी औषधे होती. आज थांबणाऱ्याच्या पुढची फळी दरवर्षी भरत जाते. न वापरलेला इलाज वाया जात नाही, तो राखून राहतो.

या लांब वाटेचे आजचे टोक म्हणजे तपासणीची खोली. डॉक्टर मानेच्या दोन्ही बाजू, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, काख आणि जांघ बोटांच्या पेरांनी चाचपतात. रुग्णाला श्वास ओढायला सांगून डाव्या बरगडीखाली पाणथरी लागते का, ते पाहतात. वजन घेतात, रक्ताच्या पेशी मोजवतात. रात्री घामाने कपडे भिजतात का, ताप येतो का, हे विचारतात. थांबणे कधी संपवायचे याचे ठोकताळे फ्रान्समधल्या अभ्यासगटाने घालून दिलेले आहेत: सात सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, तीन वेगळ्या जागी तीन सेंटिमीटरच्या गाठी, ताप-घाम-वजनघट, त्रास देणारी पाणथरी, छातीत किंवा पोटात पाणी, घसरलेल्या रक्तपेशी. यांतले काही दिसले, किंवा एखादी गाठ अचानक झपाट्याने वाढू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नसते. संथ लिम्फोमा काही जणांत आक्रमक रूप घेतो. परंड्याहून किंवा भूमहून येणाऱ्या माणसाला त्या तारखेसाठी मजुरी बुडवावी लागते, एसटी गाठावी लागते. शिवाय काहीच दुखत नसताना दवाखान्यात कशाला, हे घरच्यांना पटवावे लागते. तरीही ती तारीख पाळणे, हाच त्या काळापुरता त्याचा उपचार आहे. मागच्या रुग्णांनी ठरल्या दिवशी येऊन आपली पाने भरली, म्हणून आज त्याला औषधाविना जगण्याची वर्षे मिळतात. जिल्ह्याने करायचे काम यातूनच ठरते. ही तपासणी रुग्णाच्या गावाच्या जवळ यावी, त्याचे पान कुठेही तुटू नये आणि तारीख चुकलेल्या माणसाच्या दारी कोणीतरी विचारायला जावे. भूम-परंड्याच्या गावांत हे १९८७ पासून करून दाखवलेले आहे.