दक्षिणा, शिष्यवृत्ती, कर्ज : शिकणाऱ्याच्या पैशाचा इतिहास

आज आपण ज्या विषयाकडे वळतोय, त्याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही, पण त्याची झळ घराघरात लागते. विषय आहे, शिकणाऱ्याला सरकारने दिलेला पैसा. शिष्यवृत्ती, फी माफी, विद्यावेतन, शैक्षणिक कर्ज, हे सगळं त्यात आलं.

पनवेलमध्ये हा विषय काढायला वेगळं निमित्त लागत नाही. जून-जुलै आला की जुनं पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कुठेही जा, सेतू केंद्रापुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईबाप उभे असतात. शेजारच्या सायबर कॅफेत मुलं फॉर्म भरत असतात. त्या रांगेत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. मला मिळेल का? आणि किती मिळेल? आपण त्यात तिसरा प्रश्न घालू. पैसा यायला उशीर झाला, किंवा शिकूनही नोकरी लागली नाही, तर भुर्दंड कोणाच्या माथी? दोनशे वर्षांत नियम अनेकदा बदलले. पण प्रत्येक बदलाचा खरा अर्थ या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच सापडतो, असं आम्हाला वाटतं.

सुरुवात पेशवाईपासून करू. श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली. पेशवाई गेली, इंग्रज आले. त्यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही, तिला वळण दिलं. त्याच पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला की या निधीतला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यात त्यावरून मोठा गदारोळ झाला, पण दक्षिणा प्राइज सुरू झालं. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, आगरकरही होते. म्हणजे काय, तर तिजोरी तीच, पण घेणारा बदलला. आधी जन्माने विद्वान, मग परीक्षेने विद्वान.

परीक्षेने ठरवायचं हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्यातली मेख महात्मा फुल्यांनी ओळखली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्तीचाही मुद्दा मांडला. चढाओढीने शिष्यवृत्त्या दिल्या की ज्या घरांत आधीच शिक्षण आहे तिथेच त्या जातात. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. कुळंबी रयतेच्या सारा-पट्टीतून सरकारी खजिना भरतो, मग शिक्षणावरचा खर्च वरच्या थरातच का जिरतो, हा त्यांचा मूळ सवाल. शिष्यवृत्ती म्हणजे हुशारीचं बक्षीस की मागे ठेवलेल्याचा हक्क, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

आता एका विद्यार्थ्याचं उदाहरण घेऊ. नाव आहे भीमराव रामजी आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण सोबत करार होता, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, तेव्हा बडोद्यात राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हाकललं गेलं. करार पाळायला माणूस तयार होता, पण समाज त्याला तो पाळू देत नव्हता. पुढे १९२० मध्ये लंडनला परत जाताना सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, अशी जुळवाजुळव करावी लागली. शिष्यवृत्ती, करार, कर्ज, देणगी, सगळे प्रकार एकाच आयुष्यात बघायला मिळतात.

हे आम्ही अशासाठी सांगतोय की हाच माणूस पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला. १९४२ मध्ये त्यांनी सरकारला निवेदन दिलं, त्यात अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप म्हणतो, ती हीच. राजाची मर्जी आणि मित्राचं कर्ज यांच्या जागी सरकारचा नियम आला.

योगायोग बघा, त्याच १९४४ साली अमेरिकेत युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा झाला. तिथल्या संघराज्य सरकारच्या विद्यार्थी मदतीचं एक मोठं पाऊल ते. १९६५ मध्ये उच्च शिक्षण कायदा आला, १९७२ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी अनुदान आलं, त्यालाच पुढे पेल ग्रांट नाव पडलं. सत्तरच्या दशकात हे अनुदान सरकारी विद्यापीठातल्या खर्चाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग भागवायचं. आज जेमतेम एक तृतीयांश भागतो. उरलेली जागा कर्जाने घेतली. आता तिथे विद्यार्थ्यांच्या डोक्यावर दीड लाख कोटी डॉलरहून जास्त कर्ज आहे, आणि २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर कर्जावर मर्यादा घातली. अनुदानाचं कर्ज कसं होतं, हे बघायला ते उदाहरण लक्षात ठेवा. आपण घरी परत येऊ.

महाराष्ट्रात सरकारच्या बाहेरही एक वाट होती, कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं वसतिगृह. मुलांचं पोट भरावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर काम करायचं आणि शिकायचं. इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं, भुर्दंड सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा.

मग आली ई.बी.सी. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या मंडळींना हे तीन अक्षरी नाव लगेच आठवेल. १९५९-६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ठरवलं की ज्या घराचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे, त्या मुलाला फी नाही, मग जात कोणतीही असो. आर्थिक निकष पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर आला. आणि पद्धत कशी होती? मुलाने उत्पन्नाचा दाखला द्यायचा, कॉलेजने फी घ्यायची नाही, कॉलेज आणि सरकार यांनी आपसांत हिशेब करायचा. सरकारकडून पैसे यायला उशीर झाला तर खोळंबा संस्थेचा. मुलगा वर्गात बसलेला असायचा. ग्रामीण महाराष्ट्रातली पहिली पदवीधर पिढी या एका सोयीने घडली.

पनवेल परिसराला याच काळात दुहेरी वळण मिळालं. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पनवेल, उरण आणि ठाण्याकडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली जाऊ लागली. त्याच सुमारास रयतचं महात्मा फुले महाविद्यालय पनवेलमध्ये उभं राहिलं. एका हाताने भातशेती आणि मिठागरं जात होती, दुसऱ्या हाताने कॉलेज येत होतं. मुलाला शिकवायला शेतकरी काय करायचा? जमिनीचा तुकडा गहाण ठेवायचा. जमीन गेली की गहाण ठेवायलाही काही उरलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-पागोटे भागात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना विद्यावेतनही मिळू लागलं. पण ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, म्हणजे शेतमजूर, मिठागराचा कामगार, कर्नाळ्याच्या पायथ्याचा कातकरी, तो प्रकल्पग्रस्ताच्या व्याख्येतही नीट बसला नाही. नियम कागद बघतो, आणि कागद नसलेला माणूस त्याला दिसत नाही.

या सगळ्याच्या मध्ये १९८३ साल येतं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे खरं. एरवी कर्नाटकात जाणारी मुलं इथेच शिकू लागली. पण फीचं गणित बदललं. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे १९९३ चा उन्नीकृष्णन आणि २००२ चा टी.एम.ए. पै हे निकाल, मग शुल्क ठरवणाऱ्या समित्या, मग राज्याचा २०१५ चा कायदा. फी शेकड्यांतून हजारांत आणि हजारांतून लाखांत गेली. आज पनवेल ते खारघर हा पट्टा अशा महाविद्यालयांनी भरलाय. जुनी फी माफी इथे पुरणार कशी?

पुरवायला दोन गोष्टी आल्या. एक, कर्ज. केंद्राने १९६३ मध्येच बिनव्याजी राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती आणली होती. तिची एक अट सुंदर होती, शिक्षक झालात तर कर्जाचा भाग माफ होत जायचा. ती योजना मागे पडली आणि २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. चार लाखांपर्यंत तारण नाही, अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू. बँकांचा धोका कमी व्हावा म्हणून २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. नीट बघा, हमी बँकेला आहे. नोकरी न लागलेल्या मुलाला नाही.

दुसरी गोष्ट, परतावा. ई.बी.सी.चं नाव राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती झालं, उत्पन्नाची मर्यादा आधी सहा आणि मग आठ लाखांवर गेली, निम्मी फी सरकार भरतं. महाडीबीटी पोर्टल आलं आणि पैसा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जाऊ लागला. बोगस नावं आणि मधले हात कमी व्हावेत हा हेतू चांगलाच. पण जुन्या ई.बी.सी.त उशिराचा खोळंबा संस्थेचा होता, तो आता मुलाकडे सरकला. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसा अडकतो, दाखल्यातलं आणि मार्कशीटवरचं नाव जुळलं नाही तर अर्ज परत येतो. तोवर मुलगा कॉलेजच्या खिडकीवर उभा.

आता केंद्राचं बघा. १९४४ ची ती योजना पुढच्या काळात 'बांधील दायित्व' नावाच्या सूत्रावर चालली. एका पंचवार्षिक योजनेच्या शेवटी जेवढा खर्च असेल, तेवढा पुढे राज्याने कायम उचलायचा, त्यावरची वाढ फक्त केंद्राची. बारावी योजना संपली आणि २०१७-१८ नंतर केंद्राचा वाटा वर्षाला साधारण अकराशे कोटींवर आला. राज्यांची ओढाताण झाली, थकबाकी वाढली. डिसेंबर २०२० मध्ये सूत्र बदललं, केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के, पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपये. हा मोठा आणि स्वागतार्ह बदल होता. पण केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येणार आणि त्याने सात दिवसांत कॉलेजात भरायचा, अशी व्यवस्था आली. म्हणजे दोन सरकारांचा हिशेब जुळवायची जबाबदारी अठरा वर्षांच्या पोराकडे. घरात आजारपण निघालं आणि ते पैसे दवाखान्यात गेले, तर थकबाकीदार कोण? तो पोरगा.

आणखी एक आकडा सांगतो. या शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख झाली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली. अडीच लाख म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्या आत. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधला ड्रायव्हर थोडा ओव्हरटाइम करून ही रेषा ओलांडतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी त्यापुढे फ्रीशिप आहे, फी सुटते, पण निर्वाह भत्ता जातो. महागाई वाढत राहिली आणि मर्यादा तीच, तर एकही आदेश न काढता लाभार्थी कमी होतात. इतिहासात असे न झालेले बदलही मोजायचे असतात.

चांगलं घडतंय तेही सांगायला हवं. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पूर्वी अर्ध्या फीवर अडणारी मुलगी आता प्रवेश घेऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी आणली, निवडक ८६० संस्थांसाठी विनातारण कर्ज आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. ही मदतच आहे. पण संस्था क्रमवारीने निवडल्यात, आणि फुल्यांचा १८८२ चा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. वरच्या संस्थेत पोचलेल्याला स्वस्त कर्ज, आणि गावाजवळच्या साध्या कॉलेजात शिकणाऱ्याला?

तर मंडळी, नवी योजना जाहीर झाली की रक्कम आणि मर्यादा जरूर बघा, पण तिथे थांबू नका. पैसा प्रवेशाच्या आधी येतो की नंतर? उशीर झाला तर कॉलेज दाखला अडवू शकतं का? मर्यादा महागाईबरोबर वाढते का? नोकरी नाही लागली तर काय? हे चार प्रश्न ग्रामसभेत विचारा, कॉलेजच्या पालक सभेत विचारा, मत मागायला येणाऱ्याला विचारा. १८४९ मध्ये काही मंडळींनी एक अर्ज केला म्हणून दक्षिणेचं वळण बदललं. १९४२ मध्ये एक निवेदन गेलं म्हणून लाखो घरांत पहिला पदवीधर झाला. या इतिहासात जे काही मिळालं ते कुणीतरी लेखी मागितलं म्हणून मिळालं. पुढचं निवेदन आपल्यालाच लिहायचंय.