वाफसा नसलेल्या रानात

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची परभणी. ना गाव, ना गोदावरी. भेगाळलेल्या जमिनीतून लाव्हा वाहतोय. इथे फार थांबू नका, फक्त एवढं लक्षात ठेवा की या लाव्ह्यात लोह भरपूर आहे. त्याचा काळा पाषाण होईल, तो झिजून काळी माती होईल आणि लोह त्या मातीतच राहील.

आता थेट यंदाच्या भादव्यात उतरा. पूर्णेकाठचं सोयाबीनचं रान. झड उघडायचं नाव घेत नाही. पाय घोट्यापर्यंत रुततो, चिखल चपलेसकट वर येतो. पानं पिवळी पडताहेत. ढेकूळ फोडलं की कुबट वास येतो.

त्या ढेकळात शिरा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे होऊन. मातीची सगळी छिद्रं पाण्याने भरलीत. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू झिरपतो, त्यामुळे आतला केव्हाच संपलाय. मग जिवाणू त्याच्या जागी वापरतात ते नायट्रेट संपतं, मँगनीज संपतं आणि पाळी लोहाची येते. शेजारचा जिवाणू जेवलाय, पण खाल्लेल्या अन्नातले इलेक्ट्रॉन टाकायचे कुठे? तुम्ही ते श्वासातल्या ऑक्सिजनला देता. त्याच्यासमोर आहे लोहाचा कण, न विरघळणारा. तो गिळता येत नाही.

म्हणून इलेक्ट्रॉनच बाहेर जातो. पेशीच्या आवरणात सायटोक्रोम नावाची प्रथिनं आहेत आणि त्यांत हीम आहे, तुमच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच. हीमच्या मधोमध लोहाचा अणू. इलेक्ट्रॉन आला की फेरिकचा फेरस, पुढे दिला की पुन्हा फेरिक. विहिरीच्या कामावर घमेली हातोहात जावीत, तसा तो या हीमकडून त्या हीमकडे सरकत कणापर्यंत पोचतो. लोहाच्याच वाटेने लोहाकडे!

आता १९८७. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातला असाच एक जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांच्या बाटलीत आहे. बघताबघता तांबूस लोहाचं काळं मॅग्नेटाइट झालं. चुंबक लावा, ओढलं जातं. २०१९ मध्ये येल विद्यापीठात या. निखिल मालवणकर आणि सहकारी त्याच्या भाईबंदाची इलेक्ट्रॉन वाहून नेणारी तार दाखवताहेत. आजवर जिला पिलस, म्हणजे जिवाणूच्या अंगावरचा केसासारखा तंतू, समजत होते, ती हीमभरल्या सायटोक्रोमची साखळी निघाली. जाडी जेमतेम चार नॅनोमीटर. सगळ्यांनाच हे पटलंय असं नाही.

असे जिवाणू बघायला येलच गाठायला हवं असंही नाही. जिंतूरकडून पुढे गेलात की लोणार. तिथल्या खारट गाळातले जिवाणू मोहालीच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी विद्युतघटात वाढवले; ते इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देतात. पण म्हणून रानातून वीज काढायच्या गप्पा कुणी मारल्या, तर मनावर घेऊ नका. मिळणारा प्रवाह फारच क्षीण असतो.

सोयाबीनला या वाटेचा उपयोग नाही. त्याच्या मुळांना ऑक्सिजनच लागतो. तेव्हा पुढच्या जूनला पेरणी रुंद वरंबा सरीवर करा आणि पाणी बाहेर काढणारे चर झडीआधीच मोकळे ठेवा.