शिक्कामोर्तब आणि तोतये अपडेट

पुण्याहून अहिल्यानगरच्या वाटेला लागलेला मनुष्य कोरेगाव भीमा मागे टाकून सणसवाडीत शिरतो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांस त्याला कारखाने दिसतात. त्या प्रत्येक कारखान्याच्या कचेरीत आज एक तरी संगणक आहे, आणि कामगारांची हजेरी, पगार, मालाची जावक व कराचा हिशेब ही सारी त्याच्याच पोटात आहेत. तेव्हा या संगणकाच्या दारावर कोण थाप मारतो, याची विचारपूस करणे हा केवळ तज्ज्ञांचा विषय उरलेला नाही. तो आपल्या सर्वांच्या प्रपंचाचा विषय झाला आहे.

दारावर येणाऱ्या ठकांपैकी एकाचीच कथा आज आम्ही सांगणार आहोत. हा ठक रक्षकाचा वेष घेऊन येतो. संगणकाच्या प्रणालीत काही उणीव आढळली म्हणजे तिचा निर्माता ती बुजविण्यासाठी दुरुस्ती पाठवितो. तिला आपण अपडेट म्हणतो. या दुरुस्तीचेच सोंग करून ई-मेलने व्हायरस पाठविण्याची युक्ती आता वीस वर्षांहून जुनी झाली आहे. तरीही माणसे तिला फसतात. का फसतात, याचे उत्तर इतिहासात सापडते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. शिवकालीन पत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना आठवेल की पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब असे. पत्र कोणाचे, हे शिक्का सांगे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर घातल्यास ते खोटे, हे मोर्तब सांगे. म्हणजे पाठविणारा खरा आहे काय आणि वाटेत मजकुरात कोणी हात घातला आहे काय, या दोन्ही शंकांचा बंदोबस्त त्यात होता. आजची डिजिटल सही याच दोन शंकांचे उत्तर देते. आपल्या देशात 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली. साधन बदलले, पण शंका त्याच राहिल्या.

परंतु शिक्का पाहावयाचे भान राहिले तरच शिक्क्याचा उपयोग! 1761 त पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; तथापि त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनात संशय राहिला आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही. पुढे मीच भाऊ म्हणणारा एक इसम उभा राहिला, आणि 1776 त त्याने कोकणात केवढे बंड माजविले, हे सर्वश्रुत आहे. अखेर त्याला पकडून पुण्यात देहदंड देण्यात आला. त्याला माणसे मिळाली ती केवळ चेहऱ्याच्या साम्यामुळे नव्हेत. भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छा होती आणि तोतयाने त्या इच्छेवर आपला डेरा उभारला. खोटे अपडेट पाठविणाराही हेच करतो. आपला संगणक सुरक्षित असावा ही आपली इच्छा असते, आणि तो सुरक्षिततेचे नाव घेऊन येतो.

संगणकाच्या जगातील हा वेषधारी प्रथम ई-मेलने आला नाही, साध्या टपालाने आला. डिसेंबर 1989 मध्ये निरनिराळ्या देशांतील सुमारे 20,000 लोकांच्या घरी एकेक फ्लॉपी तबकडी पोहोचली. एड्स या रोगाची माहिती देणारी म्हणून ती पाठविली होती. लोकांनी ती कुतूहलाने संगणकात घातली. पुढे संगणक सुमारे नव्वद वेळा सुरू झाल्यावर फायलींची नावे गुप्त होत आणि पनामा देशातील एका टपालपेटीवर 189 डॉलर पाठवा, अशी मागणी पडद्यावर येई. आजच्या खंडणीखोर व्हायरसांचा हा मूळपुरुष होय.

15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू झाली आणि टपालाची जागा हळूहळू ई-मेलने घेतली. मार्च 2002 मध्ये ‘गिब’ नावाचा व्हायरस मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सुरक्षा-सूचनेचे सोंग घेऊन फिरू लागला. सप्टेंबर 2003 मध्ये त्याचाच भाऊबंद ‘स्वेन’ आला, आणि त्याने मात्र कमाल केली. त्याचे पत्र कंपनीच्या स्वतःच्या पानासारखे हुबेहूब सजविलेले होते. सोबतची फाईल उघडली की, सुरक्षेची दुरुस्ती बसवू काय, असा नम्र प्रश्न पडद्यावर येई. गंमत अशी की, ‘हो’ म्हणा वा ‘नाही’ म्हणा, व्हायरस आत शिरलेला असे! आत गेल्यावर तो प्रथम कोणते काम करी? संगणकावरचे व्हायरसविरोधी पहारेकरी बंद पाडण्याचे.

या कथेचा मर्मभाग आणखी पुढेच आहे. काही संगणकांवर स्वेनला फाईल उघडण्याचीही गरज पडत नसे. पत्र नुसते दिसले की तो शिरे, कारण त्या संगणकांत एक जुनी उणीव तशीच राहिली होती. ती बुजविणारी खरी दुरुस्ती 2001 मध्येच निघाली होती. ती लोकांनी घेतली नव्हती. म्हणजे खऱ्या वैद्याचे औषध न घेतल्यामुळे भोंदू वैद्याचे फावले.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, हे ठीक. पण ताक पिणेच सोडून द्यावे काय? सर्वच अपडेट संशयास्पद म्हणून ती बंद ठेवणाऱ्यांना मे 2017 ने उत्तर दिले. त्या महिन्यात ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने शंभरांहून अधिक देशांत हाहाकार केला. त्याने वापरलेली उणीव बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध झालेली होती.

आणि लगेच पुढच्या महिन्यात, 27 जून 2017 रोजी, कुंपणानेच शेत खाल्ले. युक्रेनमध्ये हिशेब व कर यांसाठी सर्रास वापरली जाणारी एक प्रणाली होती. शत्रूने तिच्या निर्मात्याच्याच घरात शिरून तिच्या खऱ्या अपडेटच्या वाटेवर विष कालविले. ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखला जाणारा तो व्हायरस त्या वाटेने मर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि तेथून त्याचा फटका आपल्या न्हावाशेवा बंदराला बसला. तेथील गेटवे टर्मिनल्सच्या धक्क्यावर कोणता कंटेनर कोणाचा, हेच कळेनासे झाले आणि काम हातांनी करण्याची पाळी आली. कीव शहरातील एका हिशेबाच्या प्रणालीत खोट झाली आणि रायगड जिल्ह्यातील धक्का अडला! ज्या कारखान्यांचा माल परदेशी जातो, त्यांनी हे प्रकरण विसरू नये. मर्स्कने सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले. तरी तिला वीस ते तीस कोटी डॉलरांच्या नुकसानीचा अंदाज जाहीर करावा लागला.

मग सामान्य माणसाने ओळखावे तरी कसे? आमच्या मते इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो : अपडेट आपल्या दारी येत नाही, आपणच त्याच्या घरी जावे. पत्रातील दुव्यावर बोट न लावता, जोडलेली फाईल न उघडता, संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. दुरुस्ती खरी असेल तर ती तेथे मिळते. मोबाईलवरील अ‍ॅपची ती त्याच्या अधिकृत स्टोअरमध्ये मिळते. बँकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाईल आली, तर तो स्वेनचाच आजचा वंशज समजावा.

याखेरीज काही खुणा आहेत. पाठविणाराचे नाव मोठे असते, पण पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते. ‘आजच करा, नाहीतर खाते बंद’ अशी घाई असते. पासवर्ड मागितला जातो, किंवा पहारेकरी प्रणाली क्षणभर बंद करावयास सांगितले जाते. पूर्वी मोडकीतोडकी भाषा हीदेखील खूण होती. आता यंत्रे शुद्ध मराठीत पत्रे लिहू लागली आहेत, तेव्हा त्या खुणेवर विसंबू नये.

आणि नॉटपेट्यासारखा घरभेदी आला तर? तेथे ओळख पुरत नाही, तेथे तरतूद लागते. शेतकरी बियाण्याची कणगी वेगळी राखतो, तशी कामाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून तोडून वेगळी ठेवावी. चुकून बोट पडलेच तर प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडावे, त्यावरून बँकेचा व्यवहार करू नये, आणि पैसे गेल्यास विनाविलंब 1930 या क्रमांकावर कळवावे.

शेवटी एक गोष्ट कारखान्यांच्या मालकांसाठी. ज्या कारकुनाच्या हातून अशी फाईल उघडली जाते, तो बहुधा आळशी नसतो. संगणक सुरक्षित राहावा म्हणूनच त्याने ती उघडलेली असते. त्याच्यावर आधी आगपाखड झाली तर पुढच्या वेळी तो चूक लपवील, आणि लपविलेल्या घटकेतच व्हायरस साऱ्या कचेरीत पसरेल. शिक्का तपासणाऱ्या माणसाला ‘जरा थांबा, पाहून सांगतो’ असे म्हणण्याची मुभा असावी लागते. ती मुभा ज्या कचेरीत असेल, त्या कचेरीत तोतयाचे बंड फार दिवस चालावयाचे नाही.