अंतर्मुख, बहिर्मुख आणि न्यायाचा प्रश्न

🧵 १/७
‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ हे शब्द आज सर्रास वापरले जातात, आणि पुष्कळदा एकमेकांना नावे ठेवण्यासाठीच. एकाला दुसरा उथळ वाटतो, दुसऱ्याला पहिला माणूसघाणा. ज्यांनी ही विभागणी रूढ केली, त्या स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग यांच्यापुढील प्रश्न मात्र वेगळा होता: भिन्न स्वभावाच्या माणसाविषयी न्यायाने बोलता येते का?

२/७
सप्टेंबर १९१३. म्युनिक येथे मनोविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ॲडलर १९११ मध्येच फ्रॉइड यांच्यापासून दुरावले होते; युंग यांचीही फ्रॉइड यांच्याशी मैत्री तुटली होती. अशा वातावरणात युंग यांनी मांडले की, फ्रॉइड यांचा सिद्धान्त बहिर्मुख वृत्तीचा आहे, तर ॲडलर यांचा अंतर्मुख वृत्तीचा. दोन्ही प्रकारांना समान न्याय देणारे मानसशास्त्र घडवण्याचे अवघड काम त्यांनी भविष्यावर सोपवले. त्या परिषदेनंतर फ्रॉइड आणि युंग पुन्हा कधीही भेटले नाहीत.

३/७
हे काम किती अवघड आहे, याचा प्रत्यय युंग यांना लवकरच आला. १९१५ मध्ये बाझेलचे मनोचिकित्सक हान्स श्मिड या स्नेह्याशी त्यांनी याच विषयावर पत्रव्यवहार आरंभला. युंग अंतर्मुख, श्मिड बहिर्मुख. प्रत्येकाने आपली बाजू मोकळेपणाने मांडावी आणि दुसऱ्याची समजून घ्यावी, असा हेतू होता.

४/७
त्या काळी युंग यांचे गृहीतक असे: अंतर्मुख माणूस विचार करतो, बहिर्मुख माणूस भावनेने चालतो. श्मिड बहिर्मुखांची बाजू लढवत राहिले. पत्रांची धार वाढत गेली आणि १९१६ मध्ये एकमत न होताच ती थांबली. स्वभावभेदातून होणाऱ्या गैरसमजांचा अभ्यासकच त्या गैरसमजात सापडला होता.

५/७
१९२१ मध्ये युंग यांचा ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ हा ग्रंथ मूळ जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते गृहीतक उरले नव्हते. विचार, भावना, संवेदना व अंतःप्रज्ञा ही चारही कार्ये दोन्ही वृत्तींत संभवतात, म्हणून प्रकार आठ झाले. भावनाही मूल्य ठरवते, म्हणून तिला विचाराच्या बरोबरीने विवेकी कार्याचा मान मिळाला. आणि प्रस्तावनेत युंग यांनी श्मिड यांचे ऋण नोंदवले: त्या पत्रव्यवहारातून बरेच काही स्पष्ट झाले होते.

६/७
ग्रंथातील वर्णनाची पद्धतही लक्षणीय आहे. प्रत्येक वृत्तीचे बळ आणि त्या बळाची किंमत एकत्र येते. बहिर्मुख माणूस परिस्थितीशी सहज जुळवून घेतो, पण तीतच हरवू शकतो. अंतर्मुख माणूस स्वतःच्या अंतरंगाशी प्रामाणिक राहतो, पण वास्तवापासून तुटू शकतो. शिवाय जी वृत्ती वर दिसत नाही, ती अबोध मनात नांदतच असते.

७/७
१९३४ मध्ये ग्रंथाच्या अर्जेंटिनातील आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत युंग यांनी बजावले की, माणसांवर शिक्के मारत सुटणे हा निव्वळ पोरखेळ आहे. हे वर्गीकरण माणसे निकालात काढण्यासाठी नव्हते. आपल्या नजरेलाही एक कल असतो, ही जाणीव त्याच्या मुळाशी होती. आणि ती पक्की होण्यामागे असहमत राहिलेल्या एका स्नेह्याची पत्रे होती.