अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट

१९७०च्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक संगीत सादर करणारा वाद्यवृंद. कीथ कांगा हे त्याचे प्रमुख सदस्य. मधुकर दास हे गायक, तर नील चट्टोपाध्याय गिटारवादक होते. मराठी रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे हेही काही काळ या वृंदात गात असत. रंगकर्मी अलेक पदमसी यांनी मुंबईत सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेत (१९७४) दास यांनी जीझसची, तर भेंडे यांनी ज्यूडासची भूमिका केली.

हॉटेले, महाविद्यालये आणि कुलाब्यातील क्लब ही अशा वृंदांची मुख्य व्यासपीठे होती. श्रोत्यांना परदेशी गाणी हवी असत. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा भर चित्रपटसंगीतावर असे. त्यामुळे बहुतेक वृंदांचा आवाज कार्यक्रमासोबतच विरून गेला. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची मात्र ‘ऑब्सेशन ७७’ ही एकमेव तबकडी निघाली, तीही वृंद विखुरल्यावर, १९८१ मध्ये. तीत जिमी हेन्ड्रिक्स यांच्या ‘फॉक्सी लेडी’सारख्या परकीय रचनांबरोबर शीर्षकाची वाद्यरचनाही आहे.

पुढे ही तबकडी दुर्मिळ होऊन परदेशी संग्राहकांच्या शोधयादीत गेली. २०११ मध्ये अमेरिकेतील नाऊ-अगेन या कंपनीने वृंदाचे ध्वनिमुद्रण पुन्हा प्रकाशित केले आणि मुंबईच्या रॉक संगीताचा हा विस्मृत अध्याय नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला.