उंदराचं औषध आणि अम्मीची गोळी

पुण्याला उंदरांची भीती नवी नाही. १८९७च्या प्लेगच्या गोष्टी आमच्या लहानपणीही पेठेतली म्हातारी माणसं सांगायची. त्यामुळे अम्मीच्या रक्त पातळ करायच्या गोळीचं कूळ उंदराच्या विषाचं आहे, असं कुणीतरी घरात बोलून गेलं, तेव्हा तिनं डबी बाजूलाच सारली. “मला उंदीर समजलात का रे?”

कूळ मात्र खरं होतं. १९२०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गाईगुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा त्यांच्या पोटात जात होता. मंदीचे दिवस आले, चारा फेकणार कोण? फेब्रुवारी १९३३मध्ये विस्कॉन्सिनचा शेतकरी एड कार्लसन हिमवादळातून मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्याकडे आला. लिंक यांच्या प्रयोगशाळेला त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढायला सहा वर्षं लागली. त्यातूनच पुढे वॉर्फरिन निघालं. १९४८मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, १९५४मध्ये माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर खुद्द राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना दिलं गेलं. हे औषध ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतं, म्हणून रक्त लवकर गोठत नाही. विष की औषध, हे मात्रेवर.

अम्मीची गोळी वॉर्फरिनची चुलत बहीण, अॅसिनोकुमारॉल. लहानपणी सांधे धरणारा ताप आला, त्यात हृदयाची झडप आकसली. पुढे ठोके बेताल झाले. अशा हृदयात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणून गोळी, आणि गोळी म्हणून दर महिन्याला रक्ततपासणी. आयएनआरचा आकडा दोन ते तीनमध्ये हवा. मेथी-पालक वर्ज्य नाही, पण आज जुडी आणि उद्या काहीच नाही, असं चालत नाही. रमजानमध्ये जेवणाच्या वेळा बदलल्या की तिचा आकडा हलायचा. “आजार परवडला, ही सुई नको,” ती म्हणायची.

२०१०नंतर डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान अशा नव्या गोळ्या आल्या. तपासणीची कटकट नाही, भाजीचा हिशेब नाही. ठोके बेताल असलेल्या असंख्य रुग्णांना त्यांचा फायदाच झाला. आम्हीही डॉक्टरांमागे लकडा लावला. या झडपेला ती गोळी नको, असं ते म्हणत राहिले. मला तो हट्ट वाटला.

२०२२मध्ये ‘इन्व्हिक्टस’ चाचणीचे निष्कर्ष आले. अम्मीसारखेच, तापानं झडप बिघडलेले आणि ठोके बेताल असलेले ४,५३१ रुग्ण, त्यांत भारतातलेही. पक्षाघात, मृत्यू अशा घटना नव्या रिव्हारोक्साबानच्या गटात ५६० जणांच्या बाबतीत घडल्या, जुन्या गोळीच्या गटात ४४६. मोठ्या रक्तस्रावातही नवी गोळी विशेष सरस ठरली नाही. असं का, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. एक शक्यता मात्र बोलली गेली: तपासणीच्या निमित्तानं जुन्या गोळीचा रुग्ण वारंवार डॉक्टरांच्या नजरेखालून जातो.

म्हणजे अम्मी ज्या फेरीला कंटाळली होती, तीच कदाचित तिला राखत होती. हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सोमवारी रिक्षा किती वाजता सांगितलीस?”