पारदमेल-संबद्ध तक्रारी

दातांत भरलेल्या पारदमेलामुळे (अमाल्गम, बोलीत ‘चांदी’) आपल्याला आजार जडला असे मानणाऱ्या रुग्णांतील शारीरिक व मानसिक लक्षणांचा समूह.

पारदमेलात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो, उरलेला भाग मुख्यतः चांदी, कथील व तांबे यांचा (पहा : पारा, मिश्रधातू). चावताना त्यातून अत्यल्प बाष्प सुटते. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड श्टोक यांना प्रयोगशाळेत पाऱ्याची विषबाधा झाली होती. १९२६ साली त्यांनी पारदबाष्पाच्या धोक्याविषयी लिहिले आणि पारदमेलाचा जुना वाद पुन्हा पेटला. पुढे स्वीडन, नॉर्वे व जर्मनीत तो विशेष गाजला.

थकवा, विस्मरण, डोकेदुखी, सांधेदुखी व तोंडातील धातूची चव या नेहमीच्या तक्रारी. अशा रुग्णांच्या रक्ता-लघवीतील पारा तुलना-गटाहून सहसा जास्त आढळत नाही. चिंता, खिन्नता व कायिकीकरण (मानसिक ताण शारीरिक लक्षणांतून व्यक्त होणे) मात्र अधिक आढळते (पहा : नोसिबो परिणाम). यांतले कारण कोणते व परिणाम कोणता, हे एवढ्यावरून ठरत नाही. भरणाला टेकणाऱ्या गालाच्या अस्तरावर उठणारे पांढरट, जाळीदार चट्टे ही स्पर्शजन्य अधिहर्षता होय, ती वेगळी.

म्यूनिकमधील एका चाचणीत भरण काढलेल्या आणि ते तसेच ठेवून आरोग्य-प्रशिक्षण घेतलेल्या, अशा दोन्ही गटांच्या मुख्य तक्रारी जवळपास सारख्याच कमी झाल्या. यूरोपीय संघाने २०२५ पासून पारदमेलाचा वापर जवळजवळ थांबवला, तो प्रामुख्याने पर्यावरणाच्या कारणास्तव (पहा : मिनामाता करार), तरी अनेक रुग्ण त्याकडे आपल्या तक्रारीची पावती म्हणून पाहतात, आणि समुपदेशनात हा मुद्दा हाताळावा लागतो.